खुर्चीवर बसलेले, डावीकडून

छायाचित्र कधी खोटं बोलत नाही.

हे वाक्य हालदार सरांनी एस.टी.त मला तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्या वेळी बस खड्ड्यात आपटली, त्यांच्या मांडीवरच्या गाठोड्यात काहीतरी तडकलं, आणि सर कान लावून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरची बॅच गेली वाटतं."

गाठोडं जुन्या सुती साडीचं होतं. आत बारा फोटो. प्रत्येकाला नवी फ्रेम, नवी काच आणि मधे वर्तमानपत्राच्या घड्या. आम्ही दोघं जिल्ह्याच्या गावी सुनावणीला निघालो होतो. सुनावणी सरांची होती. मी विरुद्ध बाजूचा होतो. मी म्हणजे दिवाकर बुरांडे, कै. शंकरराव कोत्तुरवार विद्यालयाचा कनिष्ठ लिपिक, वय सत्तावीस, बी.ए., मान्यता प्रलंबित. सरांना शाळेतून काढण्यासाठी संस्थेने जी फाईल तयार केली होती, ती माझ्या मांडीवर होती. संस्थेचे अध्यक्ष अण्णाजी कोत्तुरवार जीपने पुढे गेले होते. जीपमध्ये ते, त्यांचा भाचा आणि ड्रायव्हर एवढेच होते, पण फाईलला जागा नव्हती. त्यामुळे दोन्ही पक्ष आणि सगळा पुरावा पावणेसातच्या गाडीत एकाच सीटवर बसून निघाला होता.

कंडक्टर सरांचा विद्यार्थी. त्याने सरांच्या पाया पडून तिकीट दिलं. मला नुसतंच तिकीट दिलं. गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"दिबाकर, तू खिडकीशी बस," सर म्हणाले. "तुला लहानपणी बस लागायची."

माझ्या नावातला 'व' सरांना महाराष्ट्रात तेहतीस वर्षं काढूनही जमला नव्हता. परिमल हालदार मूळचे खुलन्याचे. चौसष्ट साली पूर्व पाकिस्तानातून आईला घेऊन निघाले, रायपूरजवळच्या छावणीत दीड वर्ष राहिले, आणि तिथून सरकारने विदर्भाच्या या पूर्व टोकाला, जंगल तोडून वसवलेल्या बंगाली वस्तीत त्यांना ट्रकमधून आणून उतरवलं. छावणीत प्रत्येक निर्वासिताचा कार्डावर लावायला फोटो काढत. तिथल्या फोटोग्राफरच्या हाताखाली सर शिकले. चित्रकला त्याआधीच हातात होती. आमच्या गावच्या आठवडी बाजारात ते कोळशाने लोकांचे चेहरे काढत बसलेले शंकररावांनी, म्हणजे अण्णाजींच्या वडिलांनी, पाहिले आणि म्हणाले, "उद्यापासून पोरांना शिकव." हे चौऱ्याहत्तर साल. नियुक्तीपत्र दिलं नाही. शंकररावांचा शब्द हेच नियुक्तीपत्र असण्याचा तो काळ होता, असं त्यांच्या प्रत्येक पुण्यतिथीला व्यासपीठावरून सांगतात.

दिवसा शाळा, संध्याकाळी बाजारात 'रूपसा फोटो स्टुडिओ'. रूपसा ही खुलन्याची नदी. गावाला वाटायचं, फोटोत रूप खुलतं म्हणून ते नाव. सरांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आता प्रकरण असं होतं. शाळेत कलाशिक्षकाची जागा एक, आणि अण्णाजींचा भाचा नुकताच कलाशिक्षकाची पदविका घेऊन घरी बसलेला. सरांना सरकारी मान्यता शहाऐंशी साली मिळाली होती, आधीच्या बारा वर्षांच्या सेवेच्या आधारावर. ती बारा वर्षं खोटी ठरली की मान्यता रद्द, मान्यता रद्द की जागा रिकामी, जागा रिकामी की भाचा. सरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. चोवीस वर्षांची नोकरी कधी झालीच नव्हती, असा निकाल लागला की पेन्शनही झालीच नसती.

त्या बारा वर्षांचे हजेरीपट वाळवीने खाल्ले होते. वाळवी शिस्तीची होती. तिने चौऱ्याहत्तर ते शहाऐंशी एवढीच वर्षं खाल्ली, त्यातही शिक्षकांचे तेवढे खाल्ले, शिपायांचे ठेवले. वाळवीचा दाखला मी टाईप केला. ते हजेरीपट साखरेच्या पोत्यात घालून अण्णाजींच्या गोदामात मीच सायकलवरून पोचवले होते, त्यामुळे वाळवीच्या सवयी मला जवळून माहीत होत्या.

"हजेरीपटाचं काय घेऊन बसलास," सर गाठोड्यावर हात ठेवून म्हणाले. "कागद आहे, वाळवी खाणारच. फोटोला केमिकल असतं, बाबा. वाळवी तोंड लावत नाही."

ते फोटो म्हणजे दहावीच्या निरोप समारंभाचे. दर फेब्रुवारीत शाळेच्या मैदानावर खुर्च्यांची रांग लागायची. मधे मुख्याध्यापक झाडे गुरुजी, दोन्ही बाजूंना शिक्षक, टोकाला घंटा वाजवणारा कवडू शिपाई, मागे बाकांवर चढवलेली पोरं. खाली पांढऱ्या पट्टीवर सुंदर अक्षरात सगळ्यांची नावं: खुर्चीवर बसलेले, डावीकडून. उभे, पहिली रांग. उभे, दुसरी रांग. मूळ फोटो शाळेच्या ऑफिसात भिंतीवर होते. संस्थेने ते द्यायला नकार दिला, तेव्हा सरांनी आपल्याकडच्या निगेटिव्हवरून बाराही पुन्हा बनवले. पंधरा दिवस स्टुडिओ बंद ठेवून पट्ट्या पुन्हा लिहिल्या.

"पट्टीवर काही बदललं का, सर?" मी विचारलं.

"एक अक्षर नाही. झाडे गुरुजींच्या नावाला त्र्याऐंशी साली मी चुकून काना कमी दिला होता, तोसुद्धा तसाच ठेवला. पुरावा आहे ना. पुराव्याला हात लावायचा नसतो."

मी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर धानाची रोवणी आटपली होती. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. जिल्हा येईपर्यंत मी तेच बघितलं.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या खोलीत साडेअकराला बोलावणं आलं. साहेब सह्या करत होते. डाव्या बाजूच्या गठ्ठ्यातला कागद घ्यायचा, सही करायची, उजवीकडे ठेवायचा. सुनावणीभर हे चालूच होतं. अण्णाजी पांढऱ्या शर्टात समोर बसले. भाचा बाहेर बाकावर. मी फाईल घेऊन भिंतीशी. सरांना खुर्ची होती, पण मांडीवर गाठोडं होतं म्हणून ते उभेच राहिले.

"मूळ गाव?" साहेबांनी विचारलं.

"खुलना."

"म्हणजे बांगलादेश."

"तेव्हा पाकिस्तान, साहेब. जन्मलो तेव्हा हिंदुस्थान. घर तेच होतं."

"ते राहू द्या," साहेब म्हणाले. "अध्यक्ष महोदय, तुमचं काय म्हणणं?"

अण्णाजींनी हात जोडले. गळा काढण्याआधी ते नेहमी हात जोडत. "साहेब, आमचा यांच्यावर काहीच राग नाही जी. माणूस सज्जन आहे. आमच्या घरची सगळी लग्नं यांनीच काढली. पण खरं ते खरं. ही बंगाली मंडळी आली, सरकारनं जमिनी दिल्या, राशन दिलं. आमच्या बाबानं दया केली, वर्षातून एकदा पोरांचा फोटो काढायला बोलावत जाय. त्या एका दिवसाचं यांनी बारा वर्षांचं मास्तरपण करून टाकलं. आता सांगा, आमची भूमिपुत्रांची पोरं कुठं जातील?"

भूमिपुत्र बाहेर बाकावर बसून कंगव्याने केस विंचरत होता.

"हालदार, तुमच्याकडे पुरावा?"

सर याच प्रश्नासाठी चौतीस वर्षं या देशात राहिले असावेत, अशा चेहऱ्याने त्यांनी गाठ सोडली. टेबलावर गठ्ठ्यांमुळे जागा नव्हती. त्यांनी फोटो जमिनीवर मांडायला सुरुवात केली. पंचाहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तरची काच कोपऱ्यात तडकली होती, ती त्यांनी फुंकर घालून पुसली. शहाऐंशीपर्यंत खोलीची अर्धी फरशी भरली. साहेबांना शेवटी पेन ठेवून उठावं लागलं.

साहेब वाकले. आणि एक विचित्र गोष्ट झाली, त्यांना फोटो आवडले. सरकारी माणूस एखादी वस्तू बघतो तसं नाही, खरंच बघायला लागले. एकेका पोराच्या चेहऱ्यावर उजेड बरोबर पडलेला, एकाचाही डोळा मिटलेला नाही, कवडू शिपायाच्या मिशीचा केस न् केस वेगळा.

"चांगले आहेत हो. तुम्हीच काढले?"

"मीच, साहेब."

"सगळे?"

"सगळे."

"आणि हे अक्षर?"

"माझंच."

सरांची मान ताठ झाली होती. बक्षीस घ्यायला पुढे जाणाऱ्या पोराची होते तशी. मी फाईलची दोरी बोटाला गुंडाळत होतो.

"साहेब, एक विचारू का जी?" अण्णाजी खुर्चीतून उठून फोटोंपाशी आले. चपलेच्या टोकाने त्यांनी एक्याऐंशीची फ्रेम जराशी सरळ केली. "हालदार, यात तुम्ही कुठं आहात?"

सर हसले. "मी कॅमेऱ्याच्या मागे."

"बाराही वर्षं?"

"बाराही. मी पुढे आलो तर काढणार कोण?"

"हा कवडू पाहा. घंटा वाजवत होता. खुर्चीवर आहे, नावानिशी आहे. सातपुते बाई पाहा. एकच वर्ष होत्या, त्याही आहेत. सगळे शिक्षक खुर्चीवर. तुमची खुर्ची कुठं आहे?"

"मी म्हटलं ना, मी..."

"बरं. नाव तरी कुठं असेल ना?"

"खाली आहे. उजव्या कोपऱ्यात."

"वाचा."

सर उकिडवे बसले. वाचायची गरज नव्हती, पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ते लिहिलं होतं. तरी त्यांनी चष्मा लावला. "छायाचित्र: प. हालदार."

"कलाशिक्षक लिहिलं आहे काय?"

"ते कशाला लिहायचं? शाळेत सगळ्यांना माहीत होतं."

"म्हणजे, साहेब," अण्णाजी वळले, "झाडे गुरुजींच्या नावाखाली मुख्याध्यापक लिहिलं आहे. कवडूच्या नावाखाली शिपाई लिहिलं आहे. आणि यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अक्षरात, बारा वेळा लिहून दिलं की मी फोटोग्राफर. आता आमच्याजवळ याच्याहून मोठा पुरावा कोणता?"

सर अजून उकिडवेच होते. ते एकेक पट्टी वाचत पुढे सरकत होते, जणू एखाद्या वर्षी आपण वेगळं काही लिहिलं असेल.

एक सांगायचं राहिलं. हा प्रश्न अण्णाजींचा नव्हता. अण्णाजींना प्रश्न सुचत नसत, त्यांना माणसं सुचत. आठवडाभर आधी त्यांनी मला वाड्यावर बोलावून सांगितलं होतं, "तो बंगाली फोटो आणणार म्हणते. तेच ना, आपल्या हापिसात टांगले आहेत ते? पाह्य बरं त्यात काय सापडते." मी ऑफिसात स्टुलावर चढून बाराही पट्ट्या वाचल्या. वही घेऊन. नावं मोजून. महाविद्यालयात मला संशोधनाची आवड होती आणि ती वापरायची संधी कनिष्ठ लिपिकाला फारशी मिळत नाही. मग परत जाऊन सांगितलं, "अण्णाजी, सर एकाही फोटोत नाहीत. आणि कोपऱ्यात स्वतःला छायाचित्रकार म्हणवून घेतलंय."

अण्णाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "तू तर खरंच बी.ए. निघाला बे!"

ती थाप मला आवडली होती. हे लिहिताना राग येतो, पण आवडली होती.

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांना फोटो आवडल्याचं थोडं ओझं झालं असावं. "हालदार, कागद नाही तर निदान कोणी सांगणारं? जुने सहकारी?"

"झाडे गुरुजी गेले. सातपुते बाई नागपूरला, पत्ता नाही." सर उठले. गुडघ्यांचा आवाज झाला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, कशाला लांब जायचं? हा दिबाकर आहे ना! साहेब, हा माझा विद्यार्थी. पाचवीपासून. हा बघा, शहाऐंशीचा फोटो, मागची रांग, उजवीकडून तिसरा. याला विचारा."

त्यांनी ती फ्रेम उचलून माझ्यापुढे धरली.

उजवीकडून तिसरा मी होतो. पंधरा वर्षांचा, तेल लावलेले केस, आणि अंगात पांढराशुभ्र सदरा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कारण सदरा माझा नव्हता. त्या सकाळी माझ्या गणवेशाच्या सदऱ्यावर शाईची दौत सांडली होती आणि मी बाकामागे लपून बसलो होतो. सरांनी शोधून काढलं. म्हणाले, "शाई फोटोत जखमेसारखी येते," आणि अंगातला सदरा काढून मला दिला. झाडे गुरुजी ओरडले, "हालदार, बनियनवर काय उभे राहता? मुली आहेत!" सर म्हणाले, "मी काळ्या कापडाच्या आत असतो, गुरुजी. मला कोण बघतं?" आणि कॅमेऱ्यावरच्या कापडात डोकं घातलं.

याच माणसाने आम्हाला किडीने खाल्लेली पानं वेचून आणायला लावली होती. पान काढू नका, भोकं काढा, म्हणायचे. भोकं बरोबर आली की पान आपोआप येतं. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत मला 'ए' ग्रेड मिळाली होती. ते प्रमाणपत्र माझ्या घरी भिंतीवर होतं. नोकरीच्या अर्जाला मी त्याची प्रत जोडली होती.

"बुरांडे," साहेबांनी विचारलं, "तुम्ही असताना शाळेत चित्रकलेचा तास होत असे?"

"होत असे, साहेब."

"कोण घेत असे?"

अण्णाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पंख्याकडे बघत होते. माझ्या मान्यतेचा प्रस्ताव त्यांच्या सहीने याच टेबलावर यायचा होता. डावीकडच्या गठ्ठ्यात.

"निश्चित आठवत नाही, साहेब," मी म्हणालो.

'निश्चित' हा शब्द मी कार्यालयीन पत्रव्यवहारातून उचलला होता. नुसतं खोटं बोललं तर माणूस खोटारडा ठरतो. 'निश्चित' घातलं की तो अभिप्राय होतो. साहेबांनी तो लिहून घेतला.

सर फ्रेम धरून उभे होते. त्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. गिऱ्हाईकाचा फोटो देण्याआधी हाच चेहरा आहे ना, हे ताडून बघावं तसं. साहेब म्हणाले, "आदेश पोस्टाने येईल," आणि पुढचा कागद घेतला.

फोटो आवरायला वेळ लागला. बारा फ्रेमा, मधे वर्तमानपत्रं, खाली पसरलेली साडी. अण्णाजी निघून गेले. मी भिंतीशी उभा होतो.

"धर रे तिकडून," सर म्हणाले.

मी साडीचं टोक धरलं. "सर, मी..."

"काच आहे. हात कापेल."

आम्ही गाठ मारली.

बाहेर आलो तर जीप सुरू होती. "ये बे, बुरांडे, बस," अण्णाजी म्हणाले. परतीला फाईलला जागा झाली होती. वाटेत एका टपरीवर त्यांनी आलुबोंडे मागवले. मी दोन खाल्ले. भाच्याने विचारलं, दहावीच्या पोरांना काय काढायला द्यायचं असतं. मी म्हणालो, फुलदाणी. जीप बसस्थानकासमोरून गेली तेव्हा सर फलाटावर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेले दिसले. शेजारच्या बाईला सरकून जागा देत होते.

सरांची मान्यता रद्द झाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कपाटाची किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि पोचपावती मागितली. भाचा रुजू झाला. त्याने चार वर्षं फुलदाणी शिकवली. मग तुकड्या कमी झाल्या, कलाशिक्षकाचं पद शासनाने बंद केलं, आणि तो अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यात गेला. चित्रकलेचा तास आता कवायतीचे सर घेतात. पाऊस असेल तर.

सर आणखी अकरा वर्षं स्टुडिओत बसले. परीक्षेच्या फॉर्मचे फोटो, मेलेल्या माणसांचे मोठे फोटो. गावात दुसरा फोटोग्राफर नव्हता. माझी मान्यता आल्यावर सेवापुस्तकाला फोटो हवा होता, म्हणून मला त्यांच्याकडेच जावं लागलं. दोनदा दुकानावरून पुढे गेलो, तिसऱ्यांदा शिरलो. त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. दिवे लावले.

"हनुवटी वर," ते म्हणाले. "खांदे सैल. इकडे बघ. नाही, माझ्याकडे नको. भिंगाकडे बघ."

मी भिंगाकडे बघितलं. फोटो चांगला आला. सेवापुस्तकात आहे.

आता मी मुख्य लिपिक आहे. लोक मला विचारतात, बुरांडे, त्या दिवशी तुम्ही खरं बोलला असता तर काय झालं असतं? बरीच वर्षं मीही, रात्रंदिवस नाही, पण अधूनमधून, ऑफिसात कंटाळा आला की, स्वतःला हेच विचारायचो. उत्तर माझ्याच टेबलावर होतं. आलेली पत्रं नोंदवण्याचं काम माझं होतं आणि तो आदेशही मीच नोंदवला होता: आवक क्रमांक, विषय, पाठवणाऱ्याचं नाव, पत्राची तारीख. खाली साहेबांची सही, सहीखाली त्यांच्याच अक्षरात तारीख. मी ती नेहमीसारखी रकान्यात उतरवून घेतली आणि पुढचं पाकीट फोडलं.

सुनावणी सोमवारी, सतरा ऑगस्टला झाली. आदेश चौदा ऑगस्टचा होता.